आधी वारा येतो

सोमवारी गुडघा. डावा.
मंगळवारी तो बरा, तर टाच.
बुधवारी टाचेनं जागा रिकामी केली
आणि मांडीमागची शीर सामान घेऊन दारात हजर.
अंग म्हणजे पागडीची खोली झाली आहे,
जो येतो तो आतून कडी लावतो.

केरसीशेठ, अकरा मॅरेथॉन, दोन स्टेंट,
शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर नाडी बांधत म्हणाला,
"शेवटच्या आठवड्यात दुखतं ते सगळं खोटं."
मग दुसऱ्या बुटाची नाडी बांधत,
"खरं असलं तर तिसाव्या किलोमीटरला समजेलच."

मी पाणीखात्यातला चावीवाला.
सत्तावीस वर्षं रात्रीचा चालतोय,
खांद्यावर माणसाएवढी लोखंडी चावी,
हा व्हॉल्व्ह उघड, तो बंद कर,
परळ-शिवडीच्या बादल्या जाग्या व्हायच्या आत.
चालायला मी भीत नाही.
पळ म्हणून मात्र कधी कुणी सांगितलं नव्हतं.
पुतण्यानं फॉर्म भरला, पन्नाशीची भेट म्हणून,
आणि स्वतः नाशिकला गेला, मित्राच्या साखरपुड्याला.

शनिवारी सातलाच वरणभात.
लोणचं नको, पोट बघ, कुंदा म्हणाली.
पोट तर दुपारपासून बघतोय, चार वेळा जाऊन आलो.
नंबराचा कागद बनियनला लावला, काढला, सरळ लावला.
चार पिना, त्यातली एक वाकडी.
नखं कापली. कापलेली पुन्हा कापली.
बेचाळीस किलोमीटर एक वेळ समजतात,
पण वरचे एकशे पंच्याण्णव मीटर
वाण्यानं सुटे नाहीत म्हणून
हातावर ठेवलेल्या गोळ्यांसारखे,
घेऊन करायचं काय?

अडीचला डोळे उघडले, गजराशिवाय.
मी रजेवर आहे हे अंगाला कुणी कळवलंच नव्हतं.

तेवढ्यात फोन. माझ्या जागी गेलेला तांडेल,
सहा महिन्यांची नोकरी, आवाजात घाम.
"काका, भोईवाड्याचा फिरतच नाही.
दोघं लटकलो चावीला."

मी गॅलरीत जाऊन, हळू आवाजात:
लटकू नका रे.
आधी अर्धा आटा उलटा फिरव.
बंद करतोयस असं वाटू दे त्याला.
मग उघड. चोवीस आटे आहेत, मोजून दे.
पहिले दहा एकदम दिलेस
तर धक्का बसेल लाईनीला, जुनं बीड आहे,
इथं नाही फुटणार,
पुढं कुठंतरी फुटेल, जिथं तू नसशील.

फोनमध्ये लोखंड करकरलं, कुणीतरी आई आठवली.
"फिरला! पण नुसता वारा येतोय, काका. फुसफुस."
येऊ दे. आधी वारा येतो.
मग तांबडं येतं, लोक शिव्या घालतात.
मग...
"आलं," तांडेल म्हणाला.

फोन ठेवल्यावर ध्यानात आलं,
इतका वेळ मी डाव्या पायावर सगळा भार टाकून उभा होतो.

व्हॅसलीन. मोजे. पाचव्यांदा संडास.
कुंदानं केळं सोलून हातात दिलं
आणि दोनशेची नोट घडी करून मोज्यात खोचली,
"नाहीच जमलं तर टॅक्सी कर."
एवढा विश्वास लग्नात कुणी दाखवला नव्हता.

बोरीबंदरला काळोखात हजारो माणसं,
हवेत बामाचा वास, आणि जो तो
आपापला गुडघा चाचपून बघतोय,
खिशातलं पाकीट चाचपावं तसा.
शेजारचा पोरगा सारखा घड्याळाचं बटण दाबत होता.
"अंकल, पहिलीच?"
पहिलीच.
"माझीपण. टाच दुखतेय हो."
खोटं असतं ते, मी म्हणालो.
दुसरी नाडी मी बांधली नाही.

भोंगा झाला. मागच्या रांगेतलं कुणीच हललं नाही.
मग एक पाऊल, मग थांबा,
मग दोन पावलं,
आणि बुटाखाली लोखंडी झाकण खणकन वाजलं,
बारा इंची लाईन, पाच-चाळीसला सुटणारी.

छातीत अजून नुसता वारा.
मी मोजायला लागलो.